ताणावरची बाग

मला रसायनाच्या कॉलेजात कशासाठी घातलं, हे आमच्या घरात कुणी एकदा बसून ठरवलं असेल असं वाटत नाही. बाबांना एवढंच ठाऊक होतं की मोर्शीच्या शाळेतले मास्तर म्हणतात, पोरगं हुशार आहे. आणि हुशार पोराला जन्मभर बागेत पाण्याची दारं धरायला लावणं त्यांना पटत नव्हतं. गावाला वाटायचं मी डॉक्टर होणार, कारण रसायन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे औषधाच्या बाटल्या यायच्या. माझे काका तर शेवटपर्यंत माझ्याकडे गुडघ्यावरचं औषध मागत राहिले आणि मी देत नाही म्हणून मला गर्विष्ठ समजत राहिले.

मायचं मात्र पक्कं होतं. आमची संत्र्याची बाग होती. झाडावरून उतरवलेला माल करंड्यांत भरून बडनेऱ्याला रेल्वेवर जायचा, तो बाबांचा. खाली पडलेली फळं, म्हणजे गळ, ती मायच्या वाट्याला. वाऱ्याने, किडीने, कधी कशानेच नाही, अशी फळं रोज गळायची. माय ती ओटीत वेचून आणायची. त्यातली बरी असतील ती बाजाराच्या दिवशी मोर्शीला घेऊन बसायची आणि उरलेली घरामागच्या खड्ड्यात टाकायची. त्या खड्ड्याच्या आंबूस वासाची आमच्याकडच्या सगळ्या बायकांना सवय झाली होती. मायला ती कधी झाली नाही. ती रोज नव्याने चिडायची. पिकवायचं आणि पुरायचं, हा कुठला धंदा, असं म्हणायची, आणि तेही बाबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

मी नागपूरला निघालो तेव्हा तिने माझ्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "काईबी शिकजो. पन हे सडू नाई, असं काही शिकून येजो."

ते लढाईचे दिवस होते. कॉलेज नवं होतं. भिंतींच्या चुन्याचा वास अजून गेला नव्हता. आमचे प्राचार्य पुण्याकडचे, बोलायला शुद्ध आणि स्वभावाने तिखट. पहिल्याच तासाला त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं, इथे कशाला आलात? बहुतेकांनी देशाची सेवा सांगितली. वारंच तसं होतं. दोघा-तिघांनी साबणाचा कारखाना सांगितला. मला खोटं सुचलं नाही. मी म्हणालो, आमच्या घरची गळलेली संत्री सडू नयेत म्हणून. वर्ग हसला. प्राचार्यही हसले, मला त्याचा राग आला. मग ते म्हणाले, "आधी ती का सडतात ते शिका. मग एक बाटली रस टिकवून दाखवा. एक टिकली तर तुम्ही केमिस्ट. दहा हजार टिकल्या आणि त्या भरणाऱ्या माणसाचे हात भाजले नाहीत, तर इंजिनिअर. या कॉलेजचं ध्येय एवढंच आहे."

पुढे आयुष्यात या शिक्षणाच्या ध्येयांवर मी पुष्कळ भाषणं ऐकली, दोन-चार स्वतःही ठोकली. त्या दोन-तीन वाक्यांच्या पलीकडचं त्यांत फारसं काही नव्हतं.

शिकवलं मात्र त्यांनी मनापासून. उष्णता कशी चालते, नळातून पाणी का अडतं, कढई मोठी केली की तीच गोष्ट वेगळी का वागते. सगळ्यात आधी हिशोब. जे आत घातलं ते कुठून तरी बाहेर आलंच पाहिजे. नाही आलं तर ते आतच आहे, शोधा, असं ते फळ्यावर खडू आपटून सांगायचे. हे वाक्य मला कारखान्यात जन्मभर उपयोगी पडलं. घरात नाही पडलं.

आता बाबांच्या पद्धतीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. संत्र्याच्या झाडाला बहार आणायचा असेल तर आधी त्याचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. आमच्याकडे मृगाचा बहार धरायचे, म्हणजे उन्हाळ्यात विहीर भरलेली असली तरी झाडाला थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, गळतात, बघणाऱ्याला वाटतं झाड गेलं. आणि नेमक्या वेळी पाणी दिलं की ते फुलांनी भरतं. पण मध्येच कुणाला दया आली आणि त्याने बादलीभर पाणी ओतलं, किंवा वळवाची सर आली, की ताण मोडला. मग नुसती पालवी फुटते, फूल येत नाही, वर्ष फुकट. म्हणून आमच्या मुलखात ताणावरच्या बागेजवळून माणसं मन घट्ट करून जातात.

बाबांनी माझं शिक्षण याच पद्धतीने चालवलं. दिवाळीशिवाय घरी यायचं नाही. घरून डबा नाही, लाडू नाही. पत्रात फक्त ख्यालीखुशाली. बैल मेला तरी मला दिवाळीत कळायचं. माय कुरकुरली की म्हणायचे, अर्ध्यात पाणी सोडलं तर पालवी फुटेल, फूल नाही. तिलाही ते पटायचं, कारण तीही बागेतच वाढलेली होती. आमचे सगळे नातेवाईक असंच बोलायचे. दुसऱ्या कुणाच्या घरी ही उपमा म्हणून चालली असती. आमच्याकडे तो नियम होता.

शेवटच्या वर्षी परीक्षेआधी काही महिने कारखान्यात काम करावं लागे. मला अकोल्याची एक तेलाची गिरणी मिळाली. सरकीचं तेल आणि थोडा कपड्यांचा साबण असं तिचं काम होतं. सरकीच्या धुळीने भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि जेवणालाही तेलाचा वास यायचा. पण तिथे वाफ होती, हवी तेवढी. गिरणीच्या मुख्य इंजिनिअरला माझी कथा सांगितली तेव्हा तो म्हणाला, पाळी संपल्यावर काय उकळायचं ते उकळ, पण कढई धुऊन ठेव.

आमच्या संत्र्याच्या रसाची एक खोड आहे. ताजा पिळला की गोड. तापवून भरून ठेवला की कडू होतो. न तापवावा तर आंबतो. कॉलेजात मी या खोडीपुढे दोन वर्षं हात टेकले होते. अकोल्यात हळूहळू उमगत गेलं की फळ फार पिळायचं नाही, बी आणि आतली पांढरी साल चिरडू द्यायची नाही, गर गाळून काढायचा, आणि झटकन तापवून झटकन थंड करायचं. त्या हिवाळ्यात एक शिशी आठवडाभर गोड राहिली. मी ती एकट्याने चाखली आणि गिरणीच्या आवारात एकट्यानेच हसलो. माझ्या सबंध शिक्षणातला एवढा आनंदाचा दिवस मला दुसरा आठवत नाही.

परीक्षेला नागपूरला निघायचं ठरलं तेव्हा मी दोन मोठ्या बाटल्या भरल्या, लाखेने बंद केल्या. एक प्राचार्यांसाठी, एक मायसाठी. तिची परीक्षेनंतर स्वतः नेऊन द्यायची असं मनात होतं. कोणत्या गाडीने निघणार ते घरी कळवलं होतं, कळवायचं म्हणून.

माय त्या वेळी अमरावतीच्या दवाखान्यात होती. मुदतीचा ताप. मोर्शीहून तिला बैलगाडीत गादी घालून आणलं होतं आणि डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली होती. यातलं मला काही माहीत नव्हतं.

गाडी बडनेऱ्याला थांबली. मी पाणी प्यायला उतरलो तर समोर फलाटावर बाबा. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला पागोटं. मला वाटलं संत्र्याचा माल चढवायला आले असतील, ते दिवस मालाचेच होते. तरी मी विचारलं, इकडे कसे? ते म्हणाले, माल होता. मी मायची चौकशी केली.

"बरी हाय," ते म्हणाले.

मग मी डब्यात जाऊन तिची बाटली घेऊन आलो. परीक्षा संपेपर्यंत कशाला थांबायचं, असं वाटलं. सांगितलं, हे मायला द्या, तिला म्हणावं गळलेल्या संत्र्यांचाच आहे, आता खड्डा बुजव. मी त्यांना तापवण्याचं, गाळण्याचं सगळं सांगत सुटलो होतो. ते बाटली दोन्ही हातांत धरून ऐकत होते. पेपर कधी सुरू, एवढं त्यांनी विचारलं. गाडीची शिटी झाली तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असं ते कधी करत नसत, आणि मला तेव्हा गाडीची घाई होती. डब्यातून मी वळून पाहिलं तर ते तिथेच उभे होते. अमरावती तिथून दोन-तीन कोसांवर. समोरच्या फलाटावरून सुटणाऱ्या छोट्या गाडीने मी दुपारच्या आत तिच्या खाटेशी बसलो असतो.

नागपूरला दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसरी बाटली प्राचार्यांच्या खोलीत उघडली. त्यांनी कपात ओतून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. मी घेतला. कडू, कडुनिंबासारखा. जास्त रस हवा म्हणून घाईघाईत फळं जास्त पिळली गेली होती, दुसरं काय. एक शिशी जमली होती, दोन बाटल्या जमल्या नव्हत्या. दहा हजारांचं तर नावच नको. प्राचार्य रागावले नाहीत. म्हणाले, चूक सापडली हे पुष्कळ झालं, आता अभ्यासाला लागा. मायच्या हातातली बाटलीही त्याच घाण्यातली होती. तिने ती एव्हाना चाखली असेल आणि आल्या-गेल्याला माझी करामत सांगून हसत असेल, या विचाराने मला कसंनुसं झालं. पण त्यात दुःख नव्हतं. पुढच्या मोसमात दुरुस्त करू, असं धरून मी पेपर दिले, आणि चांगले दिले.

परीक्षा संपवून मी मोर्शीला मोटारीतून उतरलो तर चुलतभाऊ घ्यायला आलेला. त्याच्या डोक्याचा गोटा केलेला होता, केसांचे खुंट नुकते वर आलेले. मी त्याला चिडवलं, काय रे, कुठल्या म्हातारीने तुला एवढा मान दिला? त्याने माझी पेटी उचलली आणि पुढे चालू लागला. थोडं चालल्यावर पेटी खाली ठेवली आणि तो रस्त्यातच रडायला लागला. तेव्हा मला कळलं.

मायला अग्नी त्याने दिला होता. मी एकुलता एक मुलगा, आणि मी त्या वेळी नागपुरात बसून वाफेच्या दाबाची गणितं सोडवत होतो. घरात काकू, मावशी, आत्या, सगळ्या जणी जमलेल्या. प्रत्येकीने मला जवळ घेतलं आणि प्रत्येकीने तेच सांगितलं. परीक्षा तोंडावर होती, बाप्पा. ताण मोडायचा नव्हता. काकूने तर वर हेही सांगितलं की निकाल चांगला लागला म्हणजे तिच्या जिवाला बरं वाटेल. त्या वाईट बायका नव्हत्या. पण मला त्या क्षणी त्या सगळ्यांचा इतका संताप आला की मी उठून बाहेर आलो. बाबा ओसरीत खांबाला टेकून बसले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते आणि मी त्यांच्या पुढून अंगणात उतरलो.

पुढे कधी तरी प्राचार्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या घरच्यांनी मला एक तार केली असती तर मीच तुम्हाला गाडीत बसवून दिलं असतं. पेपर पुढच्या वर्षीही निघतात. आम्ही पहिल्या महिन्यात मुलांना वाफ बंद करायची चावी कुठे असते ते दाखवतो, चालू करायची नंतर. आधी थांबवायला शिकायचं, हे तुमच्या घरी कुणी कळवायचं होतं? त्यांचं बरोबर होतं. ज्या शिस्तीच्या धाकाने आमच्या घराने मला मायपासून तोडलं, तेवढी कडक शिस्त त्या कॉलेजात नव्हतीच. ती आमच्या बागेतली होती.

गावी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेलो. बाग ताणावर होती. झाडांखाली वाळलेल्या पानांचा थर, फांद्या उघड्या पडलेल्या, पाटात भेगा. मी बैल सोडून आणले, मोटेला जुंपले आणि धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, हाकायला लागलो. मोट वर आली, थारोळ्यात, काठावरच्या दगडी कुंडात, पाणी पडलं आणि कोरड्या पाटातून बागेत शिरलं. काय करतो आहे हे मला पुरतं कळत होतं. चुलतभाऊ ओरडत आला आणि थोड्या अंतरावर थांबला. मग बाबांना बोलवायला पळाला. त्या वर्षी आमच्या बागेला मृगाचा बहार आला नाही, नुसती हिरवीगार पालवी आली, आणि गावाने मला वेड्यात काढलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. कुणाला तरी पाणी द्यायला हवं होतं.

बाबा आले. ते मला अडवतील, शिव्या देतील, म्हणून मी दात आवळून बैल हाकत होतो. ते पाटाच्या कडेने चालत गेले, पाणी कुठवर पोचलं ते पाहिलं. पहिल्या झाडाचं आळं भरून पाणी बाहेर सांडत होतं. त्यांनी फावडं घेतलं, माती ओढून ते दार बंद केलं आणि पाणी दुसऱ्या झाडाला वळवलं. मग तिसऱ्याला. आयुष्यात पहिल्यांदा ते ताणावरच्या बागेला पाणी देत होते. असं बराच वेळ चाललं. शेवटी बैल दमले तेव्हा मी थांबलो आणि ते येऊन थारोळ्याच्या काठावर बसले.

"बडनेऱ्याले सांगाचं होतं मले," मी म्हणालो.

"त्याच्यासाठीच आलतो," ते म्हणाले. "माल आदल्या दिवशीच गेल्ता."

मग ते पाण्याकडे बघत सगळं बोलले. ताणाचं वगैरे कारण बायांनी मागून लावलं आणि बाबांनीही लावू दिलं, कारण दुसरं सांगण्यासारखं नव्हतं. खरं म्हणजे मायने त्या सकाळी विचारलं होतं, पोरगा आज बडनेऱ्यावरून जाईल ना? ते तिला सांगून निघाले होते की त्याला घेऊनच येतो. धुतलेला सदरा घालून, पहिल्या गाडीने फलाटावर येऊन बसले होते. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं.

"मंग तू थे बाटली आनली," ते म्हणाले. "हासून राहिला होता. इतका हासताना तुले मी लहानपनापासून नाई पाह्यलं. मले सांगनं नाई झालं."

मी विचारलं, बाटली तिला दिली का? ते म्हणाले, दिली. डॉक्टर नको म्हणत होता. ती ऐकेना, म्हणून त्याची पाठ वळल्यावर तिला टेकवून बसवलं आणि चमच्याने दोन घोट पाजले. त्यानंतर तिने काही घेतलं नाही.

"काय म्हनली?"

त्यांनी पागोट्याच्या शेवाने तोंड पुसलं. "गोड हाय म्हनली. आता गळ खड्ड्यात पुरा नाई लागत म्हनली."

तो रस कडू होता. मी त्याच घाण्यातला दुसऱ्या दिवशी नागपुरात तोंडात धरला होता आणि मला तो गिळवला नव्हता; तापाने करपलेल्या जिभेला तर साखरही कडू लागते. म्हणजे एक तर माय त्यांच्याशी खोटं बोलली होती, नाहीतर ते माझ्याशी. कोण, हे एका प्रश्नात कळलं असतं. पण बाबा मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत होते, बाग करणारा माणूस आभाळाकडे बघतो तसे.

"गोडच होता," मी म्हणालो, आणि बैल पुन्हा धावेवर मागे सारले.